डावा डोळा, उजवा हात

माझी आणि माझ्या डाव्या डोळ्याची खरी ओळख वयाच्या 61 व्या वर्षी झाली. तोवर आम्ही एका चेहऱ्यावर राहत होतो, इतकंच. वाड्यातल्या दोन बिऱ्हाडांसारखं. समोरासमोर राहायचं, पण कोणाच्या घरात कोण कमावतं याची चौकशी करायची नाही. आमच्या घरात कमावता डोळा डावा होता आणि सही मात्र उजव्या हाताची चालत होती, हे मला कोणी सांगितलंच नाही.

सांगितलं ते भाचीच्या मुलीनं. तेही माझ्या एकसष्टीच्या दिवशी. शाल झाली, श्रीफळ झालं, माझे गुण सांगून झाले (हा भाग फार लवकर आटोपला), आणि पानं मांडायला अवकाश होता म्हणून कोणीतरी टूम काढली, ''मामा, तीर मारून दाखवा!''

मला धनुष्यबाणाचा नाद आहे हे कुहीत सगळ्यांना ठाऊक आहे. 14 व्या वर्षी लागला, तो 47 वर्षं सुटला नाही. नाद म्हणजे निव्वळ नाद. पदक नाही, प्रमाणपत्र नाही. परसात तणसाची गंजी, बांबूचा कमठा आणि संध्याकाळचा एक तास. बँकेत कॅशियर होतो. दिवसभर दुसऱ्याच्या नोटा मोजल्यावर माणसाला कशाला तरी काहीतरी मारावंसं वाटतं, आणि गंजी वरच्या साहेबाकडे तक्रार करत नाही. खंडेनवमीला आमच्या आळीत लोक ट्रॅक्टरला हार घालतात, मोटारसायकलला घालतात. मी कमठ्याला घालतो.

तर मी उभा राहिलो. गंजी तीस मीटरवर. डाव्या हातात कमठा, उजव्या हातानं दोरी ओढली आणि सवयीप्रमाणे डावा डोळा मिटला. तेवढ्यात फोटो काढणारे आमचे जावई म्हणाले, ''मामाजी, डोळा उघडा ठेवा. फोटोत डोळा मारल्यासारखा दिसते.'' समोर विहीणबाई बसलेल्या. एकसष्टी झालेल्या माणसाचा असा फोटो घराण्यात राहणं बरं नव्हे. मी दोन्ही डोळे उघडे ठेवले आणि बाण सोडला.

बाण गंजीला लागला नाही. गंजीच्या डाव्या अंगाला शेजाऱ्यांची पपई आहे, तिच्या बुंध्यात शिरला.

मंडळी हसली. भाचीची मुलगी हसली नाही. ती 14 वर्षांची, नागपुरात तिरंदाजी शिकते. 2023 मध्ये नागपूरच्या ओजस देवतळेनं बर्लिनला अंतिम फेरीत 150 पैकी 150 गुण घेऊन जगज्जेतेपद मिळवलं, तेव्हापासून हिच्या खोलीतल्या भिंतीवरून सगळे नट उतरले आहेत म्हणे. ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, ''आजोबा, तुमचा मुख्य डोळा कोणता?''

मुख्य डोळा! मुख्य मंत्री असतो, मुख्य अभियंता असतो, बँकेत मुख्य रोखपाल असतो. डोळ्यांतही बढती असते हे मला नवीन होतं. तिनं माझे दोन्ही हात पुढे ताणायला लावले, तळव्यांच्या मधे एक लहानशी खिडकी करायला लावली आणि त्या खिडकीतून दोन्ही डोळ्यांनी पपई बघायला सांगितली. ''आता उजवा डोळा मिटा.'' मिटला. पपई जागच्या जागी. ''आता डावा.'' मिटला. पपई नाहीशी!

''तुमचा डोळा डावा आहे, आजोबा. तुम्ही आतापर्यंत चुकीच्या हातानं मारलं.'' हे तिनं, रिपोर्ट हातात धरून डॉक्टर ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात सांगितलं. मागे पुरणपोळीचा वास सुटला होता.

त्या रात्री झोप लागेना म्हणून मी कागद घेऊन त्रैराशिक मांडलं. कॅशियरला दुसरं काय येतं? दोन डोळ्यांमधलं अंतर सहा-साडेसहा सेंटिमीटर. बाणाची शेपटी उजव्या डोळ्याखाली, टोक पाऊण मीटर पुढे. बाण ठेवला आहे उजव्या डोळ्याखाली आणि नेम बघतो आहे डावा. म्हणजे टोक डाव्या डोळ्याच्या रेषेत येणार आणि बाण तिरका होऊन डावीकडे निघणार. पाऊण मीटरमागे सहा सेंटिमीटरचा फरक, तर तीस मीटरवर किती? जवळजवळ अडीच मीटर. मी बॅटरी घेऊन परसात गेलो आणि टेपनं मोजलं. गंजीच्या मध्यापासून पपईचा बुंधा दोन मीटर चाळीस. आयुष्यात माझी कॅश इतकी बरोबर कधी जुळली नव्हती.

म्हणजे 47 वर्षं मी काय करत होतो? पोरवयात बाण डावीकडे जायला लागले तेव्हा शिकवणाऱ्यानं सांगितलं, बोटं नीट सोड. मी बोटं नीट सोडली. बाण डावीकडेच. मग कोणीतरी म्हणालं, डावा डोळा मिट. मिटला, आणि बाण गंजीत जाऊ लागले. सगळे खूश. घरातल्या कर्त्या पुरुषाला खोलीत कोंडावं आणि मग कारभार सुरळीत चालला म्हणून आनंद मानावा, तसला हा प्रकार. आता कोणी म्हणेल, एक डोळा मिटून उत्तम मारणारे पुष्कळ आहेत. आहेत. मीही बरा मारत होतो. साधारण दर तिघांत एकाचा मुख्य डोळा डावा असतो आणि त्यातले बहुतेक लोक उजव्या हाताचे असतात. त्यांचा नाइलाज आहे. हात एकीकडचा, डोळा दुसरीकडचा, काहीतरी तडजोड करणं आलंच.

पण माझा हातसुद्धा डावाच होता हो!

हे मात्र मला ठाऊक होतं. विसरलो होतो, एवढंच. मी जन्माचा डावखुरा. आजीच्या लक्षात आलं तेव्हा तिनं माझ्या सदऱ्याची डावी बाही खालून शिवून टाकली. जेवायला बसलं की डावा हात बाहीत, उशीच्या अभ्र्यात उंदीर सापडावा तसा. आजी वाईट नव्हती. ती मला दुधावरची साय द्यायची, पण उजव्या हातात. पुढे शाळेत (तिचं नाव सांगत नाही, मास्तर कधीच गेले आणि बाकांवर आता दुसरी पोरं आहेत) डाव्या हातात लेखणी दिसली की पेरांवर पट्टी बसायची. उजव्यानं लिहिलेलं अक्षर मुंग्यांच्या मयतासारखं यायचं, त्याबद्दल वेगळी पट्टी. ती मात्र उजव्या हातावर. दोन्ही हातांना समान न्याय मिळाला तो एवढाच. कमठा हातात यायच्या वेळेपर्यंत मी इतका उजवा झालो होतो की दोरीला कोणता हात लावायचा हा प्रश्न मला पडलाच नाही.

माझं भांडण आजीशी नाही. ती गेली त्याला पन्नास वर्षं होतील. माझं भांडण आहे त्या कायद्याशी, जो आजीच्या आधीपासून आहे आणि आजी गेल्यावरही निवृत्त झालेला नाही. या कायद्यानं डाव्या हाताला कामं कोणती दिली बघा. चपला उचल, केर भर, शेण उचल, आणि सकाळचं ते काम तर त्याचंच. नैवेद्य, दक्षिणा, हळदीकुंकू, हस्तांदोलन उजव्याकडे. आधी सगळी घाण ज्याच्याकडून काढून घ्यायची, त्यालाच मग घाणेरडा म्हणायचं. ही युक्ती आपल्या समाजाला हातांच्याच बाबतीत सुचली असं नाही, पण ते असो. निदान हातांना तरी मोर्चा काढता येत नाही.

भाषासुद्धा उजव्यांनीच लिहिली. एखाद्याला बाजूला सारायचं तर 'डावलायचं'. मुलीचं लग्न झालं की ती 'उजवली'. मूल झालं की कूस 'उजवली'. पुरुषाचा डावा डोळा लवला की काही खरं नाही. 'अपसव्य' म्हणजे भलतंसलतं. गंमत अशी, की संस्कृतात 'सव्य' म्हणजेच डावा! जानवं डाव्या खांद्यावर असतं तेव्हा आपण सव्य असतो. म्हणजे ज्या शब्दाच्या जिवावर उजवे मिरवतात तो शब्द मुळात डाव्यांचा. आणि गणपतीचं काय करायचं? उजव्या सोंडेचा गणपती कडक, सोवळं-ओवळं सांभाळावं लागतं, म्हणून बहुतेक लोक घरी आणायला कचरतात. अष्टविनायकांत तो एकट्या सिद्धटेकला आहे. घरात आपण बसवतो तो डाव्या सोंडेचा. प्रेमळ, चूकभूल पोटात घालणारा. त्या सोंडेत तो मोदक धरतो आणि अजून एकाही आजीनं त्याची सोंड शिवलेली नाही.

आमच्या बाजूलाच वैनगंगेवर गोसीखुर्दचं धरण आहे. कुही तालुक्यातली कितीतरी गावं त्याच्या पाण्याखाली गेली. त्याला दोन कालवे आहेत, डावा आणि उजवा. उजवा 99 किलोमीटर, डावा 23. म्हणजे सरकारनंही डाव्याला डावललंच म्हणायचं! पण डाव्या कालव्याचं पाणी धानाला चालत नाही असं म्हणणारा शेतकरी मी पाहिला नाही. तोच शेतकरी बँकेत यायचा. मी चुकून डाव्या हातानं नोटा पुढे केल्या की काउंटरवरून हात मागे घ्यायचा. ''लक्ष्मी हाये साहेब, उजव्या हातानं द्या.'' मी नोटा उजव्या हातात घेऊन पुन्हा द्यायचो. मोजलेल्या कोणत्या हातानं, हे त्यानं कधी विचारलं नाही. मोजायचा डावाच. तो जास्त चलाख होता.

असो. मी हात बदलायचं ठरवलं. आणि हे नुसतं ठरवल्याबरोबर कुहीत जो गहजब झाला, त्यावर खरं म्हणजे हा लेख आहे.

पहिली बातमी बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर फुटली. ''साहेब, हात बदलवून रायले म्हणते?'' जणू मी पक्ष बदलत होतो. खरं तर पक्ष बदलला असता तर कोणी विचारलंही नसतं. ''आता या वयात कायले जी? जे चालू हाये ते चालू द्या.'' दुसरे एक निवृत्त गृहस्थ, माझ्याहून चार वर्षांनी वडील, त्यांनी डोळे मिटून सांगितलं, ''सत्तेचाळीस वर्षांची साधना मातीत जाईल.'' तिसऱ्यानं धर्माचा मुद्दा काढला. धनुष्य म्हणजे शस्त्र, शस्त्र उजव्या हातानं, रामाचा फोटो बघा.

या तिन्ही हरकतींना मी टपरीवर उत्तरं दिली नाहीत, कारण चहाचे पैसे ते देत होते. इथे देतो.

वयाचं आधी घेऊ. आमच्या कुहीवरून नागपूर-नागभीडची छोटी रेल्वे जायची. अडीच फुटांचा रूळ, 762 मिलिमीटर. शंभराहून जास्त वर्षं ती त्याच रुळावरून डुलत गेली. 2019 मध्ये ती बंद केली, का, तर रूळ रुंद करायचा, 1676 मिलिमीटरचा. तेव्हा या टपरीवरचा एकही इसम म्हणाला नाही की बाई, आता या वयात कायले? उलट निवेदनं देऊन आले सगळे. शंभरी ओलांडलेल्या रेल्वेनं गेज बदललेला चालतो आणि साठीतल्या कॅशियरनं हात बदललेला चालत नाही, हे कुठलं शास्त्र? कारोली टाकाच म्हणून हंगेरीचा एक सैनिक होता. पिस्तूल मारायचा. 1938 मध्ये सरावात हातबॉम्ब फुटला आणि त्याचा उजवा हात निकामी झाला. तो गुपचूप डाव्या हातानं शिकला. महायुद्धामुळे दोन ऑलिंपिक झालीच नाहीत, तरी थांबला. 1948 मध्ये लंडनला, वय 38, डाव्या हातानं सुवर्णपदक. 1952 मध्ये हेलसिंकीला पुन्हा. माझी त्याच्याशी तुलना नाही. मला तर एकसष्टीला पपईसुद्धा चुकून लागली. पण हात बदलता येतो की नाही, एवढ्यापुरता साक्षीदार म्हणून तो पुरे.

आता साधना. या शब्दाचा मला मनापासून संताप येतो. कोणतीही चूक पुरेशी वर्षं केली की आपल्याकडे तिला साधना म्हणतात. सत्तेचाळीस वर्षं चुकीच्या फलाटावर उभं राहिलं म्हणून गाडी त्या फलाटावर येत नसते. मी काय साधलं? एक डोळा मिटायचं साधलं. बरं, जे खरोखर शिकलो, पाय कसे रोवायचे, श्वास कुठे थांबवायचा, वारा कसा ओळखायचा, ते काय हातात असतं? ते हात बदलल्यानं कुठे जात नाही. जाते ती सवय. आणि सवय जाईल म्हणून भिणारा माणूस सवयीचा धनी नसतो, नोकर असतो. मी 36 वर्षं नोकरी केली आहे, मला फरक कळतो.

आणि धर्म! रामाच्या तसबिरीचं मला सांगता, तर मग अर्जुनाचं मी सांगतो. विराटपर्वात अर्जुन उत्तराला आपली दहा नावं सांगतो, त्यात एक 'सव्यसाची'. का, तर गांडीव ओढायला आपले दोन्ही हात सारखेच आहेत म्हणून. हे तो कौतुकानं सांगतो, खाली मान घालून नाही. अर्जुनाची आजी कोण होती मला ठाऊक आहे, पण तिनं बाही शिवल्याचा उल्लेख महाभारतात नाही. द्रोणाचार्यांचं मात्र वेगळं. त्यांनी एकलव्याचा उजवा अंगठाच मागितला. आता यातली मेख अशी, की दोरी अंगठ्यानं ओढायची पद्धत असेल तरच ही दक्षिणा माणसाला संपवते. तुर्क, मंगोल, चिनी तसे ओढत. आज ऑलिंपिकमध्ये दोरी ओढतात ती तर्जनी, मध्यमा, अनामिका या तीन बोटांनी. अंगठा नुसता बघत असतो. भिल्लांमध्येही अंगठा न लावता बाण सोडायची रीत आहे, आणि ती एकलव्यासाठी असं ते सांगतात. म्हणजे गुरूनं अंगठा घेतला तरी विद्या दुसऱ्या बोटांवर चालत गेली. ज्यांना हातांच्या शुद्धतेची फार काळजी आहे त्यांनी जम्मूकडच्या किश्तवाडची शीतल देवी बघावी. तिला जन्मतः हातच नाहीत. पायानं धनुष्य धरते, खांद्यानं दोरी ओढते, आणि 2024 मध्ये पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये जोडीच्या स्पर्धेत कांस्यपदक घेऊन आली. पाय तर डाव्या हाताहूनही खालचा. काढा आता तिला सोवळ्यातून बाहेर!

आणि गांधीजी? सेवाग्राम आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातलं, म्हणजे घरचेच. 1909 मध्ये इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला जाताना बोटीवर त्यांनी 'हिंद स्वराज' लिहिलं. उजवा हात दुखायला लागला तेव्हा डाव्यानं लिहीत सुटले. 275 पानांतली चाळीसेक पानं डाव्या हाताची. स्वराज्य मिळालं तेव्हा ती चाळीस पानं वगळून मिळालं असं काही ऐकिवात नाही.

प्रत्यक्ष हात बदलणं म्हणजे काय, हे आता खरं खरं सांगतो. कारण इथवर मी फार शूर झालो आहे.

कमठ्याची अडचण नव्हती. स्पर्धेतल्या नव्या धनुष्यांत डावं-उजवं वेगळं मिळतं, मधे मुठीशी खाच असते म्हणून. आमचा सरळ बांबू. त्याला पक्ष नाही. पण माझा जुना कमठा ओढायला सोळा किलोचा (रद्दीवाल्याच्या ताणकाट्याला लटकवून मोजला आहे), आणि डावा खांदा म्हणाला, हे आपलं काम नाही. 47 वर्षं ज्यानं नुसता बांबू धरून ठेवला, त्याला दोरी ओढायचे स्नायूच नव्हते. मग सात किलोचा हलका कमठा करवून घेतला. करणाऱ्यानं विचारलं, ''नातवासाठी काय?'' मी हो म्हटलं. सगळ्याच ठिकाणी तत्त्वासाठी भांडून चालत नाही.

पाच पावलांवर गंजी आणि डोळे मिटून बाण सोडायचे. नेम धरायचाच नाही, नुसता हात शिकवायचा. असे चाळीस दिवस. पाच पावलांवरून गंजी चुकत नाही, त्यामुळे अपमान होत नाही, पण मानही मिळत नाही. बाण कमठ्याच्या उजव्या अंगाला ठेवायचा, तो सवयीनं डावीकडे जायचा आणि सोडताना खाली पडायचा. पाय उलटे. भाता उलटा. नाकाला दोरी. आणि उजव्या हाताचं कोपरापासून मनगटापर्यंतचं कातडं, ज्यानं आयुष्यात दोरीचा फटका खाल्ला नव्हता, ते आठ दिवसांत वांग्याच्या रंगाचं झालं. शेवटी लोकरी मोजा पावलाशी कापून हातावर चढवला. तोवर आळीत बोभाटा झाला होता. एक जण आवाज खाली करून म्हणाला, ''साहेब, घरी सगळं बरोबर हाये ना?'' ही दारातच उभी होती. तिनं माझ्या दंडाकडे आणि त्या माणसाकडे असं पाहिलं, की दुसऱ्या दिवसापासून विचारणारे दोनदा 'वहिनी, नमस्कार' म्हणायला लागले.

तिसऱ्या महिन्यात मी सोडून देणार होतो. हे टपरीवर कोणाला सांगितलेलं नाही. दहा मीटरवर बाण खाली, वर, कुठेही जात होते. जुना कमठा खुंटीवर दिसत होता. उजवा हात म्हणत होता, ऊठ, एक डोळा मीट, दहा मिनिटांत सगळं ठीक करून देतो. खरंच दिलं असतं त्यानं. सरळ सांगायचं तर चांगला मारणारा म्हणून माझी गावात जी थोडी पत होती, ती मी आपल्या हातानं, तेही डाव्या, घालवली होती. पण मला एक बघायचं होतं. ती बाही शिवली नसती तर मी कसा मारला असता, एवढंच.

पाचव्या-सहाव्या महिन्यात एका संध्याकाळी वीस मीटरवर उभा राहिलो, दोरी तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत आली, आणि माझ्या लक्षात आलं की मी डोळा मिटलेला नाही. दोन्ही उघडे. गंजी स्वच्छ दिसत होती, तिच्या मागची बाभूळ दिसत होती, बाभळीवरचे बगळेसुद्धा. 47 वर्षं मी अर्ध्या परसात राहत होतो. आता दहा महिने झाले आहेत. वीस मीटरवर माझे बाण एका परातीएवढ्या जागेत जातात. उजव्या हाताचे ताटात जायचे. खोटं कशाला बोलू? अजून ताट आलेलं नाही.

हे सगळं मी माझ्यासाठी लिहिलं असतं तर इथेच थांबलो असतो. पण आमच्या घरात चार वर्षांची एक नात आहे आणि ती चमचा डाव्या हातात धरते.

रोज जेवताना ही तिच्या हातातला चमचा काढते आणि उजव्या हातात देते. रागानं नाही. गोष्ट सांगता सांगता. नात गोष्ट ऐकता ऐकता तो परत डावीकडे घेते. एका वरणभातात हे पंधरा वेळा होतं. मी म्हटलं, ''खाऊ दे की तिला.''

''मुलीची जात आहे. उद्या सासरी काय म्हणतील?''

''ती चार वर्षांची आहे!''

''सवय आत्ताच लागते,'' ही म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, ''तुमचं काय वाईट झालं हो?''

याला उत्तर काय द्यायचं? वाईट असं काहीच झालं नाही. नोकरी लागली, लग्न झालं, सही उजव्यानं केली, पेन्शन मिळते. मी बोलायला तोंड उघडलं आणि मला दोन मीटर चाळीसच्या पलीकडे काही सापडेना. कुहीच्या, मांढळच्या सातऱ्यांवर जा, मी शेवटी म्हटलं, बाया दोन्ही हातांनी मिरच्यांची देठं खुडतात, कोणता हात म्हणून कोण विचारतं? ही म्हणाली, ''त्या हातांनी कोणी डोळे चोळत नाही.'' या उत्तराचा अर्थ मला अजून लागलेला नाही, पण वाद ती जिंकली.

मग मी डाव टाकला. नातीला परसात नेलं. तिचे इवले हात पुढे धरले, खिडकी केली, पपई बघायला लावली. एव्हाना ही पण पदराला हात पुसत मागे येऊन उभी राहिली होती. चार वर्षांच्या मुलीला एक डोळा मिटता येत नाही, तेव्हा मीच आळीपाळीनं एकेका डोळ्यावर तळवा धरला. डाव्यावर धरला. ''पपई दिसते?'' ''दिसते.'' उजव्यावर धरला. ''आता?'' ''गेली!'' पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा केलं.

हात डावा आणि डोळा उजवा! माझं अख्खं भाषण तयार होतं हो. त्यातला अर्धा भाग जागच्या जागी निकामी झाला. ही काही बोलली नाही, नुसती हसली. मी म्हटलं, मोठी झाली की बदलूही शकतं, एवढ्या लहानपणी नक्की सांगता येत नाही. आता ही गोष्ट खरी आहे, पण तेव्हा ती पळवाटेसारखी ऐकू आली.

''मग आता कोणत्या हातानं मारायला सांगणार तुम्ही तिला?'' हिनं विचारलं.

मी सात किलोच्या कमठ्याहून लहान असा एक, बोरूच्या काडीचा, करून ठेवला होता. तो तिच्यापुढे मातीत ठेवला. बाणाला टोक नाही, कापसाचा बोळा बांधलेला. आणि मी माझे दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. हिलाही बांधायला लावले. आम्ही दोघं तसे उभे, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. नातीनं कमठा एका हातात घेतला, मग दुसऱ्यात घेतला, मग पायानं दाबून बघितला. आजीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

''कोणत्या?'' तिनं विचारलं.

कुंपणापलीकडून शेजाऱ्यांचा आवाज आला, ''साहेब, पपईकडे तोंड करून नका शिकवू जी!''